सागरकलेत वाटा कोणाचा?



वाशिष्ठी नदी अरबी समुद्राला मिळते तेथे, दाभोळच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, अंजनवेल वसले आहे. एकीकडे गोपाळगड, दुसरीकडे टाळकेश्वराचे देऊळ व दीपगृह, आणि शेजारी वीजप्रकल्पाची धुराडी. इतिहास, श्रद्धा आणि भांडवल ही तिन्ही येथे एका नजरेत मावतात. नजरेला येत नाही तो समुद्रातला बदल.

तो बदल आकड्यांतून सांगितला जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली. परंतु कोकणातल्या माणसाच्या मनात टक्का राहत नाही. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात आडवी झालेली नारळी-पोफळीची बाग राहते. आकडा आणि अनुभव यांमधील हे अंतर कलेने मिटवावे, या विचारातून जगात अनेक सामूहिक प्रयोग झाले.

त्यांतील एक विशेष विचार करण्याजोगा आहे. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्दाईम या मूळच्या ऑस्ट्रेलियन जुळ्या बहिणींनी २००५ साली लॉस एंजेलिस येथे लोकरीची प्रवाळभित्ती विणायला घेतली. त्यांच्या मायदेशाजवळची ग्रेट बॅरियर रीफ समुद्र तापल्यामुळे पांढरी पडत होती. प्रवाळाच्या झालरीसारख्या आकारामागील भूमिती दाइना ताइमिन्या या गणितज्ञ विदुषीने १९९७ मध्ये क्रोशाच्या सुईने विणून दाखवली होती. तेच तंत्र घेऊन देशोदेशींच्या हजारो लोकांनी, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रियांनी, लोकर व टाकाऊ प्लास्टिक विणून ही भित्ती वाढवली. गणित, जीवशास्त्र आणि घरगुती हस्तकला एकत्र आली. विशेष म्हणजे विणणाऱ्यांची नावे प्रदर्शनात लावण्याचा रिवाज ठेवला गेला. स्त्रीच्या ज्या श्रमाला बाजार किंमत देत नाही, त्याला निदान नाव तरी मिळाले.

महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. १८७५ पासून चालू असलेल्या मुंबईच्या ससून डॉकमध्ये २०१७ साली चित्रे, शिल्पे व मांडण्यांचे मोठे प्रदर्शन भरले. पराग तांडेल या कोळी कलावंताने ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज’ या उपक्रमातून कोळी समाजाच्या स्मृती, वस्तू आणि खाद्यपरंपरा जपण्याचे काम हाती घेतले. येथे समुद्रावर जगणारा समाज चित्राचा विषय न राहता स्वतःच चित्रकार झाला. हा फरक लहान नाही.

कारण प्रश्न अखेर वाट्याचा आहे. कारखान्यात जसे श्रम एकाचे आणि नफा दुसऱ्याचा, तसेच कलेतही घडू शकते. मच्छीमार बाईचा चेहरा भिंतीवर रंगवायचा आणि तिच्या खाडीचा निर्णय मात्र दूरच्या कचेरीत घ्यायचा, ही कला नव्हे, रंगरंगोटी होय. अंजनवेलच्या परिसराला याचा अनुभव आहे. एन्रॉनच्या प्रकल्पाला विरोध करताना, गरम पाणी समुद्रात सुटले तर मासळीचे काय होईल, असे मच्छीमार विचारीत होते. जून १९९७ मध्ये शेजारच्या वेलदूर गावातील स्त्रियांना त्याचे उत्तर पोलिसांच्या लाठीने मिळाले. आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनांनी त्याची नोंद केली. २००१ साली प्रकल्प बंद पडला आणि कंपनीचे दिवाळे निघाले. पुढे सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने तो पुन्हा उभा राहिला. या सर्व उलथापालथीत समुद्राची साक्ष कोणी काढली नाही.

ती साक्ष काढण्याचे साधन मात्र गावातच आहे. शिमग्यात या मुलखात नमन-खेळे रंगतात. गाणे, मृदंग, नाच, सोंगे आणि संवाद यांचा तो मेळ एका कलावंताच्या मालकीचा नसतो. वाडीच्या वाडी त्यात राबते. त्यातला संकासूर म्हणजे वेद पळवून समुद्रात दडणारा शंखासुरच मानला जातो. समुद्रात दडवलेले ज्ञान परत मिळवण्याची ही कथा आज नव्या अर्थाने खेळता येईल. ओडिशातील गहिरमाथा येथे मार्च २०२१ मध्ये खुणेचा बिल्ला लावलेली कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आली. तिची पिल्ले नर निपजणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. यापेक्षा मोठे नाट्य कोणते? शास्त्रज्ञाची नोंद, खारवी-भोई-दालदी मच्छीमारांचे उधाण-भांगाचे ज्ञान, बायकांची गाणी आणि मुलांची चित्रे एकत्र आली, तर अंजनवेलचा समुद्र स्वतःच्या भाषेत बोलू लागेल.

कलेने वादळ थांबत नाही, हा आक्षेप खराच आहे. परंतु जे पाहिले नाही त्यासाठी कोणी लढत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून कार्यकर्त्यांनी अशा प्रयोगांकडे करमणूक म्हणून पाहू नये. त्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा: राबणाऱ्याला मोबदला मिळावा, त्याचे नाव लागावे, आणि जमवलेल्या नोंदी गावाच्या ताब्यात राहाव्यात. म्हणजे पुढच्या जनसुनावणीत त्याच नोंदी पुरावा म्हणून टेबलावर ठेवता येतील.