जंगी लाट आणि नाशिकचे खासदार

नाशिकला लष्कर परकं नाही. देवळालीची छावणी इंग्रजांच्या काळापासूनची, ओझरचा मिग विमानांचा कारखाना १९६४ चा. पण फौज आणि लोकशाही यांच्या नात्याचा विचार करताना आठवावी ती १९६३ ची नाशिकची पोटनिवडणूक.

त्या निवडणुकीत यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले. चीनकडून झालेल्या पराभवामुळे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले होते आणि महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून चव्हाण त्यांच्या जागी आले होते. म्हणजे फौजेच्या कारभाराचा जाब देशाला देणार होते ते नाशिकचे खासदार.

काळ नाजूक होता. ब्रह्मदेशात मार्च १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सरकार उलथवलं होतं. पाकिस्तानात १९५८ पासून जनरल अयुब खान यांची राजवट होती, आणि तिची वाट बरीच आधी मोकळी झाली होती. १९५४ मध्ये अयुब सेनापती असतानाच त्यांना संरक्षणमंत्री केलं गेलं. जाब विचारणारा आणि देणारा एकच माणूस!

भारतात उलट घडलं. इंग्रजी अमदानीतल्या जंगी लाटाचा, म्हणजे सरसेनापतीचा, रुबाब व्हाइसरॉयच्या खालोखाल. स्वातंत्र्यानंतर त्याच्या दिल्लीतल्या प्रशस्त निवासात, तीन मूर्ती भवनात, पंतप्रधान नेहरू राहायला गेले. १९५५ मध्ये सरसेनापती हा हुद्दाच गेला. तिन्ही दलांचे प्रमुख बरोबरीचे, त्यांच्यावर मुलकी मंत्री.

मात्र मुलकी ताबा म्हणजे ढवळाढवळ नव्हे. मेनन यांच्याशी खटके उडाल्याने लष्करप्रमुख थिमय्यांनी १९५९ मध्ये राजीनामा दिला होता. नेहरूंच्या सांगण्यावरून तो मागे घेतला. चव्हाणांनी तुटलेला विश्वास पुन्हा जोडला, हे त्यांचं फार मोठं काम. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जन सिंग हवाई हल्ल्याच्या परवानगीसाठी आले, तेव्हा चव्हाणांनी ताबडतोब होकार दिला. त्याच संध्याकाळी विमानं झेपावली. निर्णय मंत्र्याचा, लढाई सैनिकांची.

चौधरी १९६६ मध्ये निवृत्त झाले आणि उच्चायुक्त म्हणून कॅनडाला गेले. सीमेपलीकडे अयुब खान यांना १९६९ मध्ये सत्ता सोडावी लागली. त्यांच्याच राज्यघटनेनुसार ती कायदेमंडळाच्या सभापतींकडे जायला हवी होती. त्यांनी ती सेनापती याह्या खान यांच्या हाती दिली.