ऑइल रेकॉर्ड बुकवरची सही

आज पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो, या उकाड्यात झगे घालून तुम्हाला फार वेळ बसवून ठेवणं बरं नाही. पण हातात माइक आला की जुना चीफ इंजिनिअर तो लवकर सोडत नाही, हे तुम्हाला बोटीवर कळेलच.

मी फोर्थ इंजिनिअर होतो तेव्हाची गोष्ट. जड तेल प्युरिफायरमधून काढलं की गाळ उरतो, बिल्जमध्ये तेलकट पाणी साचतं. पाणी सेपरेटरमधून काढून दहा लाख भागांत तेल 15 भागांच्या आत आलं तरच समुद्रात सोडायचं. गाळ बोटीवर जाळायचा, नाहीतर बंदरात पैसे मोजून उतरवायचा. समुद्रातलं प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल कराराचा हा नियम तुम्हाला पाठ आहे. आमच्या चीफसाहेबांनाही होता. त्यांनी एका बंदरात गाळ उतरवला आणि बिल पोचताच कंपनीच्या ऑफिसातून सुपरिंटेंडंटचा टेलेक्स आला : कंपनीच्या दुसऱ्या बोटीला एवढा खर्च येत नाही, तुम्हालाच कसा येतो? तिला का येत नाही, हे ऑफिसला पुरतं ठाऊक होतं. वर्षअखेर काटकसरीबद्दल कौतुक झालं ते तिच्याच चीफचं. आमच्याकडे सेपरेटरचे फिल्टर मागवले की मागणी अर्धी कापून यायची. मेसमधला टीव्ही मात्र दर वेळी मोठा.

माझं भांडण या हिशेबाशी आहे. घाण करणं फुकट आणि स्वच्छ राहणं महाग, असा धंदा मांडलात तर भिंतीवर पोस्टर लावून काय होणार? बाल्टिक समुद्राकाठच्या देशांनी हे ओळखलं. तिथे गाळ उतरवण्याचं वेगळं बिल नसतं. ते बंदराच्या शुल्कातच धरलेलं असतं, तुम्ही गाळ द्या अथवा देऊ नका. पैसे गेलेलेच असतील तर मध्यरात्री व्हॉल्व्ह उघडायला कोण जाईल? आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर गोव्या-कोकणात वाळूवर डांबराचे गोळे येतात. पायाला चिकटलं की घासलेट लावून काढायचं, हे आम्ही लहानपणापासून करत आलो. कुठला गोळा कुठल्या बोटीचा, कोण सांगणार?

आणि नुसता नियम कडक करून भागत नाही. 1 जानेवारी 2020 पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. चांगलं झालं. पण महाग तेल टाळायला कित्येक मालकांनी स्क्रबर बसवले, त्यातही बरेचसे ओपन लूपचे. धूर धुतलेलं आम्लधर्मी पाणी सरळ समुद्रात. कागद मात्र चोख!

असो. कागदावरूनच मुद्द्यावर येतो. 2013 मध्ये कॅरिबियन प्रिन्सेस या क्रूझ जहाजावर नव्याने रुजू झालेल्या एका तरुण इंजिनिअरला तेलकट पाणी परस्पर बाहेर सोडणारा पाइप सापडला. आपण त्याला मॅजिक पाइप म्हणतो. साउदॅम्प्टनला उतरून त्याने तक्रार केली. पुढे अमेरिकेत प्रिन्सेस कंपनीने गुन्हा कबूल केला, दंड झाला 4 कोटी डॉलर. तिथल्या कायद्यानुसार दंडाचा निम्म्यापर्यंतचा वाटा न्यायालय खबर देणाऱ्याला देऊ शकतं. या मुलाला 10 लाख डॉलर मिळाले. खरं बोलणं परवडावं अशी सोय सरकारने केल्याचं इतकं ठसठशीत उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

तेव्हा एकच सांगतो, आणि पुन्हा सांगतो : जे काम झालं नाही त्याच्या नोंदीखाली सही करू नका. ऑइल रेकॉर्ड बुकात, म्हणजे तेल-गाळाच्या कामांच्या नोंदवहीत, नोंदीखाली सही त्या कामावरच्या अधिकाऱ्याची असते, पानाखाली कॅप्टनची. सुपरिंटेंडंटच्या सहीला त्या वहीत जागाच नाही. अमेरिकेच्या बंदरात खोटी वही दाखवली की बेड्या पडतात त्या इंजिनिअरला. टेलेक्स पाठवणारा घरी जेवत असतो. चीफ म्हणेल, "अरे, सगळे करतात, कर सही." करू नका. माझ्या एका बॅचमेटने केली नाही, तर त्याला पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं नाही आणि बरेच महिने घरी बसावं लागलं. हे तुमच्या आईवडिलांसमोरच सांगतो, म्हणजे वेळ आलीच तर त्यांनी तुम्हाला बोल लावू नये.