जखमी जवान, समुद्राचे पाणी आणि आपली वर्गणी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात मोलगी येथे केलेले भाषण)
— एक शिक्षक, बी. ए., बी. एड.



देवगोईचा घाट चढून मोलगीला आलेल्या माणसांपुढे समुद्राची गोष्ट काढणे थोडे विचित्रच आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेला नाही. तरीही आज मी समुद्राविषयीच बोलणार आहे, आणि शेवटी तुमच्यापुढे वर्गणीची झोळीही पसरणार आहे. हे आधीच सांगितलेले बरे.

माझे गाव तापीकाठचे. आमच्या गल्लीत एक फौजी चाचा राहत. गल्लीतल्या निम्म्या मुलांना पोहायला त्यांनीच शिकविले होते. सीमेवर सुरुंग फुटला आणि ते घरी आले ते चाकाच्या खुर्चीत. त्यानंतर गावाने त्यांना काही कमी पडू दिले नाही. ईदला शीरखुर्मा जाई, १५ ऑगस्टला हार जाई. शाळेत जाताना मी त्यांच्या ओट्यावरून जात असे. ते रोज एकच प्रश्न विचारीत, "आज नदीला पाणी किती आहे रे?" मी हाताने दाखवी, एवढे आहे, आणि पुढे जाई. नदी घरापासून हाकेच्या अंतरावर होती. परंतु त्यांना नदीवर नेण्याचे मला कधी सुचले नाही, आणि गावातल्या एकाही मोठ्या माणसाला सुचले नाही. चाचा गेल्यावर काही वर्षांनी त्या प्रश्नाचा अर्थ माझ्या ध्यानात आला.

१९६५ च्या युद्धात वीरमरण आलेले परमवीर चक्राचे मानकरी हवालदार अब्दुल हमीद आपल्या मुलांना ठाऊक आहेत. त्याच युद्धात गोळ्या लागून जखमी झालेला आणि जिवंत राहिलेला एक मराठी जवान मात्र आपल्याला फार उशिरा कळला. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे ते जवान. कमरेखालचे शरीर निकामी झाले. मूळचे ते मुष्टियोद्धा. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत, म्हणजे पॅरालिम्पिकमध्ये, त्यांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. तो जागतिक विक्रम होता आणि भारताचे पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्णपदकही. पद्मश्री त्यांना २०१८ साली मिळाली. २०२४ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

या कथेत आपल्या कामाची एक गोष्ट आहे. पेटकरांच्या परदेशवारीच्या खर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचा हातभार लागला. पोहणारा पोहला, पण त्याला पाण्यापर्यंत नेण्यासाठी कोणाला तरी पैसे उभे करावे लागले.

आता समुद्राकडे वळू. पाठीवर हवेची टाकी बांधून, तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्याखाली जाणे, यास स्कूबा डायव्हिंग म्हणतात. पाण्यात शरीराचा भार पाणी उचलते, हे विज्ञानाच्या तासाला आपण शिकवतोच. जमिनीवर ज्याचे पाय चालत नाहीत, तो पाण्याखाली हातांच्या बळावर हवा तिकडे वळू शकतो. बोटांमध्ये बदकाच्या पायासारखा पडदा असलेले हातमोजे त्यासाठी मिळतात. अमेरिकेत अपंगांना ही विद्या शिकविणारी संघटना १९८१ साली स्थापन झाली. तेथे माणसाच्या क्षमतेप्रमाणे त्याच्यासोबत एक किंवा दोन प्रशिक्षित साथीदार उतरतात. २००७ पासून वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड सैनिकी रुग्णालयातील जखमी जवानांसाठीही असा उपक्रम सुरू झाला. आपल्या देशात लष्कराच्या विशेष दलांतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांची 'क्लॉ' ही संस्था अपंगांना पाण्याखाली नेण्याचे शिक्षण देते. याच संस्थेच्या मोहिमेत २०२१ साली आठ अपंग व्यक्ती सियाचीनच्या कुमार ठाण्यापर्यंत, १५,६३२ फुटांवर पोहोचल्या. आपल्या महाराष्ट्रात मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र उभे राहिले.

हे काम धोक्याचे नाही असे मी म्हणणार नाही. दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो. ज्याच्या पायांना संवेदना नाही त्याला खडक लागून जखम झाली तरी कळत नाही, थंडी बाधली तरी लवकर कळत नाही. म्हणून डॉक्टरांचे प्रमाणपत्र हवे, आधी पोहण्याच्या तलावात सराव हवा, जाणकार शिक्षक आणि साथीदार हवेत, होडी हवी, आणि घरापासून किनाऱ्यापर्यंत सोबतीला माणूस हवा. खर्च येतो तो या सगळ्याचा.

पालकांच्या सभेत हा विषय मी प्रथम काढला तेव्हा एक गृहस्थ उठून म्हणाले, "सर, आमच्या पोरीला नंदुरबारच्या दवाखान्यात न्यायचे तर गाडीभाड्याची पंचाईत. आणि फौजीला समुद्रात बुडी मारायला आम्ही पैसे द्यायचे?" सभा शांत झाली. तो प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्यांना तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. मुलीच्या दवाखान्याचा पैसा यासाठी कोणी देऊ नये. ज्याच्या घरी अडचण आहे त्याने एक पैसाही देऊ नये, आणि न दिल्याबद्दल त्याच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये. परंतु ज्याच्या पदरी दहा रुपये जास्तीचे आहेत, त्याने एवढा विचार करावा की भाकरी पोहोचवली म्हणजे माणसाचे सारे भागले, असे आपण चाचांच्या बाबतीत समजलो होतो. ते खरे नव्हते.

माझी सूचना अशी. प्रथम दरवर्षीच्या ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन आपण मनापासून पाळावा. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. त्या निधीतून युद्धात अपंग झालेल्यांचे पुनर्वसन होते. पुण्याजवळच्या खडकी येथील पक्षाघातग्रस्त जवानांच्या केंद्रालाही त्यातून साहाय्य जाते. ती रक्कम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मार्फत पूर्णपणे भरावी. दुसरे, त्याच कार्यालयाला विचारून आपल्या जिल्ह्यातील एखाद्या जखमी माजी सैनिकाची भेट घ्यावी आणि आधी त्यालाच विचारावे, "तुम्हाला पाण्यात उतरायचे आहे काय?" तो नको म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला, आणि डॉक्टरांनीही हो म्हटले, तर त्याच्या खर्चासाठी निराळी वर्गणी काढावी. या दोन रकमा कधीही एकत्र होऊ नयेत. तसेच जकात कोणाला लागू पडते याचे नियम ठरलेले आहेत, सबब जकातीच्या पैशाला या कामात हात लावू नये.

पैसा कसा जमवावा? कबड्डीचे सामने भरवता येतील. बाजाराच्या दिवशी आमचूर आणि भगरीचे दुकान मांडता येईल. मुलांना घरोघरची रद्दी गोळा करता येईल. मात्र मंडप आणि ध्वनिक्षेपकावरच निम्मी वर्गणी उडणार असेल तर तो कार्यक्रम न केलेला बरा. दोनशे घरांनी दहा-दहा रुपये दिले तर दोन हजार होतात, आणि त्याला मंडप लागत नाही. वर्गणी संस्थेच्या नावाने, धर्मादाय आयुक्तांचे नियम पाळून, छापील पावतीवरच घ्यावी.

हिशोबाबद्दल मी इतका का बोलतो, ते कबूल करतो. मागे एका ध्वजदिनाला माझ्या वर्गाने वर्गणी जमवली. पावत्या आणि पैसे यांत ४५ रुपयांचा फरक आला. मी ते स्वतःच्या खिशातून टाकले आणि गप्प बसलो. मला वाटले, मी चांगले केले. पण मुलांत कुजबुज सुरू झाली, आणि सातवीच्या एका मुलाला सर्वांनी चोर ठरविले. तो शाळेत येईनासा झाला. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा कळले की, "बाजार झाला की देते" असे म्हणणाऱ्या एका म्हातारीला आणि तिच्या दोन शेजारणींना त्याने विश्वासाने आधीच पावत्या फाडून दिल्या होत्या. पुढच्या बाजारानंतर त्यांनी सगळे पैसे आणून दिले. त्यांच्या सचोटीत कसूर नव्हती, मुलाच्याही नव्हती. मीच तोंड उघडले नव्हते. सगळ्या वर्गासमोर मी त्या मुलाची माफी मागितली, तेव्हा तो पुन्हा बाकावर येऊन बसला.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. पैसे हातात आल्याशिवाय पावती नाही. मोजणी दोन पालक आणि दोन विद्यार्थी यांच्यासमोर व्हावी. एकूण जमा, एकूण खर्च आणि पडलेली तूट त्याच संध्याकाळी शाळेच्या फळ्यावर लिहावी. तूट लपविणे हीही एक लबाडीच आहे, मग ती भल्या हेतूने केलेली का असेना.

विद्यार्थी मित्रांनो, ९ सप्टेंबर १९४२ रोजी आपल्या नंदुरबारात तुमच्याच वयाच्या शिरीषकुमारने आणि त्याच्या सोबत्यांनी प्राण दिले. तुमच्याकडे कोणी प्राण मागत नाही. तुमच्या गल्लीत कोणी ओट्यावर बसलेला असेल, फौजी असो वा नसो, तर जाता जाता हाताने पाणी दाखवून पुढे जाऊ नका. थांबा, आणि त्याला नदीवर यायचे आहे काय, हे विचारा. त्याला वर्गणी लागत नाही.

यंदाच्या मोजणीसाठी दोन पालक हवे आहेत. त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नावे द्यावीत. आणि सभेत तो प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांना माझी विनंती आहे की, त्या दोघांत पहिले नाव त्यांचे असावे.

खुदा हाफिज. जय हिंद.