तबकडी नाही म्हणून काय झालं?

संगणक बंद पडला की घरात एकदम सुतकी कळा येते. दुरुस्तीवाला येतो, चार कळा दाबतो आणि विचारतो, "विंडोजची सीडी आहे का?" मग कपाटं, माळे, खोकी धुंडाळणं सुरू होतं. सीडी काही सापडत नाही. पण खरं सांगू? पुष्कळदा ती घरात आलेलीच नसते! संगणकासोबत तबकडी देण्याची पद्धत कंपन्यांनी हळूहळू बंद केली. तिच्यातला मजकूर त्या हार्ड डिस्कच्याच एका झाकलेल्या कप्प्यात ठेवू लागल्या.

आमच्या शेजारच्या सोसायटीच्या चिटणीसांवर हीच वेळ आली. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, फॉरमॅट मारतो आणि माझ्याकडची विंडोज टाकतो. तासाभरात काम होईल." काकांनी मला फोन केला. मी एवढंच विचारलं, "सोसायटीच्या हिशेबाची दुसरी प्रत कुठे आहे?" ती कुठेच नव्हती. विंडोज पुन्हा मिळते; पाच वर्षांचे हिशेब मिळत नाहीत. म्हणून फॉरमॅट हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

मग पहिला कोणता? विंडोज १० किंवा ११ सलग दोन-तीन वेळा अर्धवट सुरू होऊन बंद पडली, तर बहुधा दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. त्यातली 'स्टार्टअप रिपेअर' ही सोय तुमच्या फायलींना हात लावत नाही. तिनं भागलं नाही तर 'रिसेट' आहे. तिथं 'कीप माय फाइल्स' हा पर्याय निवडला तर फायली राहतात; नंतर टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातात. कंपनीच्या झाकलेल्या कप्प्यातून संगणक पहिल्यासारखा करता येतो, पण तसं करताना आपला मजकूर बहुधा पुसला जातो, हे ध्यानात ठेवा.

संगणक मुळीच सुरू होत नसेल, तर उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि त्यावरूनच संगणक चालू करायचा. ती हार्ड डिस्कवर टाकावी लागत नाही. डिस्क शाबूत असेल तर फोटो, पत्रं, हिशेब सगळं बाहेर काढता येतं. काकांचे हिशेब आम्ही असेच काढले आणि मगच विंडोज नव्यानं टाकली. डिस्क कुलूपबंद, म्हणजे बिटलॉकर लावलेली असेल, तर मात्र ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती आजच शोधून कागदावर लिहून ठेवा.

आता तबकडीचं. दुसऱ्या संगणकावरून मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावर जा आणि किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवून घ्या. ड्राइव्ह रिकामा असू द्या, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. यासाठी पैसे पडत नाहीत. पैसे असतात ते परवान्याचे, आणि परवाना म्हणजे तबकडी नव्हे. विंडोज ७ पर्यंत २५ अक्षरी किल्ली बहुधा डब्यावरच्या चिकटपट्टीवर असे. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून तयार संगणकांत ती मदरबोर्डमध्येच असते. त्यामुळे त्याच यंत्रावर तीच आवृत्ती पुन्हा टाकली, तर किल्ली सहसा विचारली जात नाही. असं असताना कुणाची तरी चोरटी प्रत घेऊन विषाणूंना घरात का बोलवायचं?

यंत्र जुनं असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. विंडोज एक्सपीचा आधार २०१४ मध्ये संपला आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ चालत नसेल अशा यंत्रावर लिनक्स कायमची टाकणं हाही चांगला मार्ग आहे.

श्रोतेहो, संगणक धडधाकट आहे तोवरच दोन कामं उरकून घ्या. एका पेन ड्राइव्हवर विंडोज आणि दुसऱ्या, वेगळ्या डिस्कवर स्वतःच्या फायलींची प्रत. पहिलं राहून गेलं तर एखादा दिवस मोडेल. दुसरं राहून गेलं तर मुलांच्या लहानपणीचे फोटो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत.