संजीवनी दारापर्यंत जावी

(मोलगी येथे आरोग्यकार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



२००२ साली ‘संजीवनी’ ही हिंदी मालिका सुरू झाली आणि त्या नावाचे काल्पनिक रुग्णालय घराघरांत पोहोचले. २००७ साली आलेल्या ‘दिल मिल गये’तही तेच रुग्णालय होते. तेथे रुग्ण दारात आला की कथा सुरू होते. सातपुड्यात ती त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. मोलगीत ग्रामीण रुग्णालय आहे. पण रस्ता न पोहोचलेल्या पाड्यावरची अडलेली भगिनी तेथवर येते ती बांबूच्या झोळीतून, आप्तांच्या खांद्यावरून.

रामायणातील प्रसंग आठवा. मूर्च्छित लक्ष्मणाला कोणी द्रोणागिरीवर नेले नाही. हनुमंताने पर्वतच रणभूमीवर आणला. याच अक्कलकुवा तालुक्यात, चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी २०२० मध्ये तेच केले. महामारीच्या भीतीने माता आणि बालके केंद्रावर येईनात, तेव्हा त्या स्वतः नर्मदेच्या पात्रात होडी वल्हवीत पाड्यांवर गेल्या; बालकांची वजने घेतली, पोषण आहार पोहोचविला.

मालिका अवश्य पाहाव्यात. त्या पाहून आपल्या एखाद्या कन्येने डॉक्टर होण्याचे ठरविले, तर आनंदच आहे. परंतु आज घरी जाताना एक संकल्प करू या. आपल्या पाड्यावरील प्रत्येक गर्भवतीचे नाव आणि तिचे दिवस वहीत टिपावेत, तिच्या दारी जावे आणि दिवस भरण्यापूर्वीच तिला आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आणावे. अपरात्री झोळी उचलण्याची वेळ कोणावरही न येवो.