आधी धरणाला विचारा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझं बालपण चिपळूणच्या वरच्या अंगाला, पोफळीच्या वाटेवरच्या एका वाडीत गेलं. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला येतं, तिथली जनित्रं फिरवतं आणि मग अवजल म्हणून वाशिष्ठीला मिळतं. त्यामुळे आमची नदी भर उन्हाळ्यात, आभाळात एक ढग नसतानाही वाढायची. आई धुणं घेऊन नदीवर गेली, की काठालगतचा एक कोरडा दगड हेरून ठेवायची. तो दगड ओला झाला, की धुणं अर्धं राहिलं तरी बादली उचलायची. “वीज सुरू झाली, वर चला रे,” एवढंच म्हणायची. तिला घनफूट माहीत नव्हते, पण नदी कोणाच्या हुकमाने चालते हे पक्कं ठाऊक होतं.

आज मला बोलायचं आहे ते अशाच एका नदीबद्दल, पण ती आहे सातासमुद्रापार, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात. नोकरीमुळे मी तिथे नॉक्सव्हिल शहरात स्थायिक झालो. शहराच्या उत्तरेला तासाभरापेक्षा कमी अंतरावर क्लिंच नदीवर नॉरिस धरण आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने, म्हणजे टीव्हीएने, बांधलेलं हे पहिलं धरण. ते १९३६ साली पुरं झालं. १९४८ साली आपल्याकडे दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं ते याच टीव्हीएच्या धर्तीवर. नॉरिससाठी सुमारे तीन हजार कुटुंबांना घरंदारं सोडावी लागली. लॉइस्टन नावाचं गावच पाण्याखाली गेलं. कोयनेकाठच्या माणसांना त्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

धरणाने नदीही बदलली. पाणी सोडलं जातं ते जलाशयाच्या तळाजवळून, त्यामुळे मे महिन्यातही ते बर्फाळलेलं असतं. साधारण सात ते तेरा अंश सेल्सिअस धरा. पूर्वी तिथे राहणाऱ्या उबदार पाण्यातल्या माशांना ही थंडी मानवेना. मग त्या जागी ट्राउट आणून सोडले. रेनबो ट्राउट मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडचा आणि ब्राउन ट्राउट युरोपातला. म्हणजे त्या नदीत मासाही माझ्यासारखाच बाहेरून आलेला! पण दोघेही तिथे रुळलो.

या ट्राउटला धरायची रीत म्हणजे फ्लाय फिशिंग. गळाला गांडूळ किंवा कणीक नसते. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली, तांदळाच्या दाण्याएवढी खोटी माशी असते. त्या त्या दिवशी नदीवर जो किडा निघतो, त्याची ती नक्कल. क्लिंचवर एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनपर्यंत फिकट पिवळ्या मेफ्लाय निघतात. तिकडे त्यांना ‘सल्फर’ म्हणतात. त्या पाण्यावर तरंगू लागल्या, की शांत डोहात ठिकठिकाणी वर्तुळं उमटतात. ते पाहण्यासाठी माणसं हिवाळाभर दिवस मोजतात.

आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत. तुम्ही गेलात आणि नातवाने हट्ट धरला, तर बेत कसा आखायचा ते सांगतो. माणसं आधी रजा टाकतात, मग गळ घेतात आणि धरणाची चौकशी शेवटी करतात. हा क्रम उलटा हवा.

आधी पावसाचा अंदाज घ्यायचा. पुराचं पाणी सामावून घेता यावं म्हणून टीव्हीए हिवाळ्यात जलाशय खाली ठेवते. मार्चच्या मध्यापासून ते भरायला घेतात आणि एक जूनपर्यंत उन्हाळी पातळी गाठायचा प्रयत्न असतो. वसंत कोरडा गेला, तर पाणी धरून ठेवतात, वीज थोडा वेळच निर्माण होते आणि नदीत उतरायला मोकळे तास मिळतात. पाऊस जास्त झाला, तर दोन्ही जनित्रं रात्रंदिवस चालतात. मग सेकंदाला सुमारे आठ हजार घनफूट पाणी वाहतं. अशा वेळी पायी उतरायचं नावसुद्धा काढायचं नाही. म्हणून बेत एकाच नदीवर बांधू नये. जवळच्या स्मोकी डोंगरातले ओढे धरणाचे नाहीत. साउथ होल्स्टन नदीवर धरण आहे, पण तिचं वेळापत्रक वेगळं असतं. दुसरा पर्याय हाताशी असला, की वाईट दिवशी धाडस करायचा मोह होत नाही.

मग वेळापत्रक पाहायचं. कोणत्या तासाला किती जनित्रं चालणार ते संध्याकाळी दुसऱ्या दिवसापुरतं जाहीर होतं. संकेतस्थळावर आणि मोबाइलवरही ते दिसतं. पण त्याखालीच लिहिलेलं असतं, की पूर्वसूचनेशिवाय यात बदल होऊ शकतो. विजेची मागणी वाढली, की पाणी सुटतं. शिवाय हे वेळापत्रक धरणाच्या दारातलं. आपण जितके मैल खाली, तितका लोंढा उशिरा पोचतो. तो साधारण माणसाच्या चालीने येतो असं समजा. जाणते लोक याचाही हिशेब मांडतात आणि पाणी चढायच्या आधी वरची जागा सोडून खालच्या जागेवर जातात.

परवान्याचं विसरू नका. मासेमारीच्या परवान्यासोबत ट्राउटचा वेगळा परवाना लागतो. क्लिंचवर मधल्या मापाचे, चौदा ते वीस इंचांचे ट्राउट परत सोडायचे असा नियम आहे. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची पुस्तिका पाहावी.

आता माझी गोष्ट. हे सगळं मला ठाऊक असूनही घडलेली.

मे महिन्यातला शनिवार होता. मुलगा अकरा वर्षांचा. आदल्या संध्याकाळी पाहिलं, तर पाणी दुपारी तीनला सुटणार होतं. सकाळी पुन्हा पाहायचं मी टाळलं. कंटाळा, दुसरं काही नाही. घोट्याएवढ्या पाण्यातून आम्ही नदीच्या मधोमध असलेल्या गोट्यांच्या बेटावर गेलो. पोळीभाजीचा डबा एका सपाट दगडावर ठेवला. दुपारी बाराच्या सुमाराला पिवळ्या माश्या निघाल्या आणि समोर मासे उसळू लागले. मुलाने आयुष्यातला पहिला ट्राउट धरला, ओल्या हाताने सोडला आणि माझ्याकडे पाहून असा हसला, की मला घड्याळाचं भान राहिलं नाही.

खुणा सगळ्या होत्या. पाण्यावर वाळकी पानं आणि गवताच्या काड्या वाहत येऊ लागल्या. उथळ जागी गोट्यांवरून होणारा खळखळाट मंदावला. मी मनात म्हटलं, आणखी एकच मासा.

मुलगा म्हणाला, “बाबा, आपला डबा कुठंय?”

दगड दिसत नव्हता. डबा केव्हाच वाहून गेला होता. सकाळी घोट्याला लागलेलं पाणी आता मांडीला लागत होतं. मुलाला कडेवर घेऊन मी निघालो. अर्ध्या वाटेवर पाणी कमरेला आलं आणि पाय सुटला. छातीपर्यंतच्या रबरी विजारीत पाणी शिरलं. त्यावर आवळायचा पट्टा मी गाडीतच ठेवला होता. त्या थंड पाण्यात श्वास अडकतो, ओरडताही येत नाही. मुलाची मूठ तेवढी माझ्या मानेभोवती घट्ट होती.

वरून एक होडी येत होती. त्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आधी मुलाला ओढून घेतलं, मग मला. काठाला लागल्यावर ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “तुम्ही कोणता दगड धरला होता?”

मला कळेना. मग त्यांनी समजावलं, की नदीत उतरण्याआधी काठालगतचा एक दगड हेरून ठेवायचा, दर थोड्या वेळाने त्याच्याकडे पाहायचं आणि तो ओला झाला, की गळाला मासा असला तरी निघायचं. तिथले जुने लोक असंच करतात.

श्रोते हो, मी ओल्या कपड्यांत, थरथरणाऱ्या मुलाला पोटाशी धरून बसलो होतो आणि मला आईची बादली दिसत होती. जे ज्ञान मला फुकट, घरात, लहानपणी मिळालं होतं, ते मी वाशिष्ठीच्या काठावर टाकून आलो होतो. वेळापत्रक वाचता येतं, म्हणजे नदी वाचता येते, असं मला वाटू लागलं होतं.

त्या रात्री मी आईला फोन केला. घडलेलं सगळं सांगितलं नाही, धीर झाला नाही. फक्त विचारलं, “तू दगड कसा निवडायचीस गं?” ती म्हणाली, “निवडायचा काय त्यात? बसल्या जागेवरून दिसेल असा.” मग जरा थांबून म्हणाली, “पोरगा बरा आहे ना?”

आज मुलगा मोठा झाला आहे. दर वसंतात आम्ही जातो. पट्टा, काठी आणि तरंगतं जाकीट घेतल्याशिवाय नाही. सकाळी गाडी काढण्यापूर्वी तो वेळापत्रक पुन्हा पाहतो आणि काठावर पोचलो, की गळ जोडण्याआधी मला दगड दाखवतो. गेल्या खेपेला बेत ठरवून, दीडेक तास गाडी चालवून साउथ होल्स्टनवर गेलो, तर नदी भरून वाहत होती. काठावर बसून डबा खाल्ला आणि परत आलो. माझ्या मते तो आमचा सगळ्यात चांगला झालेला बेत.