फाटकाबाहेरचा कारभारही आपलाच

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त रेल्वे कामगाराने केलेले भाषण)



अभ्यासवर्गात आपण वेतन आयोग, पेन्शन, खासगीकरण यांवर बोलतो. त्या मानाने आज मला दिलेला विषय किरकोळ वाटेल : स्थानिक स्वराज्य संस्था. पण नळ, गटार, दवाखाना, शाळा, रस्त्यावरचा दिवा हे विषय किरकोळ असते, तर आपल्या घरातल्या बायाबापड्यांचा अर्धा दिवस त्यांच्यापायी खर्ची पडला नसता.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. चौतीस वर्षे मी रेल्वे क्वार्टरमध्ये राहिलो. नळ गळला, संडास तुंबला, की आय.ओ.डब्ल्यू. ऑफिसात तक्रार लिहायची. काम झाले नाही तर युनियनच्या सेक्रेटरीला सांगायचे. रेल्वे हीच आमची नगरपालिका. फाटकाबाहेर कोण निवडून आला, याची मी कधी चौकशी केली नाही. निवृत्त झालो, क्वार्टर सोडले, गावाच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. पहिल्याच पावसाळ्यात गटाराचे पाणी घरात शिरले. जुलैमध्ये अर्ज घेऊन नगरपालिकेत गेलो. तिथला इंजिनियर म्हणाला, "काका, या गटारासाठी अंदाजपत्रकात तरतूदच नाही." मी विचारले, तरतूद केव्हा होते? तो म्हणाला, "हिवाळ्यात. पण तेव्हा इकडे कोणी येत नाही."

हे वाक्य मला लागले. कारण आपले सारे आयुष्य पी.एन.एम.च्या बैठकांत गेले. विषय मुदतीत दिला नाही तर तो अजेंड्यावर येत नाही, मिनिट्समध्ये आला नाही तर साहेब तो मानत नाही, आणि पाठपुरावा केला नाही तर मान्य झालेली मागणीही फाईलमध्ये झोपते. हे ज्याला पाठ आहे, तो मी नगरपालिकेत मात्र रिकाम्या हाताने आणि अवेळी गेलो होतो.

आता कायदा थोडक्यात सांगतो. १९९२ साली संसदेने ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती केली व १९९३ मध्ये त्या अमलात आल्या. पंचायतींसाठी २९ विषय आणि नगरपालिकांसाठी १८ विषय घटनेच्या परिशिष्टांत आले. मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक, असे घटना सांगते. महिलांना किमान एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. काही डोंगरी व आदिवासी प्रदेश सोडले, तर आपण इटारसीला असा, हुबळीला असा की सिकंदराबादला, ही चौकट तीच आहे. नावे आणि तपशील त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे बदलतात.

कागदावरचा हक्क आपोआप मिळत नाही, हेही पाहा. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे एवढ्या मोठ्या शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. वॉर्डातल्या माणसाला जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. युनियनची निवडणूक चार वर्षे लांबली असती तर आपण गप्प बसलो असतो का?

आता तुमच्या मनातला प्रश्न. "आम्ही सरकारी नोकर, आम्हाला यात पडता येते का?" नियम स्पष्ट आहेत. रेल्वे सेवा वर्तणूक नियम १९६६ चे आणि टपालातल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना लागू असलेले १९६४ चे. नोकरीत असताना राजकीय पक्षाचे सभासद होता येत नाही. स्थानिक संस्थेच्या निवडणुकीला उभे राहता येत नाही, प्रचारही करता येत नाही. मत देता येते, पण ते कोणाला देणार वा दिले, हे दाखवायचे नाही. ही मर्यादा पाळा. उगाच कोणाची नोकरी अडचणीत आणू नका. पण नियमाने उमेदवारी आणि प्रचार बंद केला आहे, नागरिकत्व नव्हे. आपण मात्र नियमाचे नाव पुढे करून सारेच सोडून दिले.

मग करायचे काय?

पहिले, मतदारयादी. आपली बदलीची नोकरी. माणूस भुसावळला आणि नाव सातारा जिल्ह्यातल्या गावी, असे कितीतरी. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. राहण्याची जागा बदलली की नमुना ८ भरा. शाखेने बदलीवर आलेल्या प्रत्येक सभासदाला हे विचारावे.

दुसरे, ग्रामसभा. गावाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. टपाल कर्मचारीही त्यात आला. महाराष्ट्रात कोरम १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल ते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते; घरच्या बाईला तिथे पाठवा. पाण्याचा हंडा ती वाहते, तिचा ठराव आधी होऊ द्या. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी पंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधील होते. आपल्या गावात ते कुठे खर्च झाले, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

तिसरे, अंदाजपत्रक. नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, म्हणून मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच लेखी द्या, पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहेच : महाराष्ट्रात शुल्क दहा रुपये, मुदत ३० दिवस.

माझ्या पोस्टमन बंधूंना वेगळे सांगतो. कोणत्या गल्लीत दिवा नाही, कोणत्या वस्तीला रस्ता नाही, हे तुमच्याएवढे नगरसेवकालाही ठाऊक नसते. ते ज्ञान बटवड्याच्या पिशवीतच राहू देऊ नका.

आणि निवृत्तांनो, आपल्यावरचे हे बंधन सुटले आहे. ज्याला उभे राहायचे, त्याने उभे राहावे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर लोकांच्या पैशाने खर्च करायला त्यांनी विरोध केला, तो पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणाले. अशा माणसाने ही जागा किरकोळ मानली नव्हती.

माझ्या गटाराचे काय झाले, ते सांगून संपवितो. आम्ही गल्लीतले अकरा जण पुढच्या नोव्हेंबरमध्ये सह्यांचा अर्ज घेऊन गेलो. त्या वर्षी तरतूद झाली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो, नगरसेवकाला बरोबर घेतले. अर्धे गटार बांधून झाले. उरलेल्या अर्ध्यासाठी यंदाचा अर्ज माझ्या खिशात आहे. चौतीस वर्षे आधी सुरुवात केली असती, तर तो माझ्या खिशात नसता. तुमच्या हातात ती वर्षे आहेत.